नऊ किलोंची ओढ

३ मार्च

बुटके,

फोनवर तू हसून विषय उडवतेस, म्हणून कागद घेतला. कागदावर हसू ऐकू येत नाही आणि उत्तर मात्र द्यावं लागतं.

तुझे दोन्ही घोटे आणि गळ्याजवळचं हाड मोडलंय, एवढं तुझ्या बापाकडून कळलं. तो तुला इस्पितळात बघून आला. सत्तावीस वर्षं बस चालवली, काटा कधी पन्नासच्या वर जाऊ दिला नाही, आणि पोटची पोर वेगाचा विक्रम मोडायला म्हणून ताशी सहाशेने जाते. परवा जेवताना एकदम म्हणाला, "अगं, पण ती थांबली का नाही?" मी म्हटलं, "दादा, तेच तर सगळे मला विचारतायत."

झालं असं. सोमवारी मोठ्या साहेबांनी, म्हणजे तुमच्या गाडीच्या मुख्य इंजिनियरने, मला आमच्या पॅराशूट विभागातून ऑफिसात बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार. "गाडीचं ब्रेकचं पॅराशूट बांधताना पिनचा फासा प्रमाणापेक्षा घट्ट बसला, त्यामुळे पिन सुटली नाही व पॅराशूट उघडले नाही. ही चूक माझ्या हातून झाली." खाली माझं नाव आणि रिकामी रेघ. साहेब म्हणाले, "बाई, कोणाचा तुमच्यावर राग नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. सही करा, सुखाने राहा, चौकशी समितीचंही काम संपेल." मी म्हटलं, "साहेब, पेन चालत नाही." त्यांनी खिशातलं स्वतःचं काढलं. "तेही चालणार नाही," म्हटलं आणि उठले.

तेव्हापासून मला टेबलाला हात लावू देत नाहीत. घरी बसवलंय.

आता तू ऐक. ते पॅराशूट मी बांधलं. चोवीस दोऱ्या, एकेक बोटांखालून काढून. घडीवर ठेवलेल्या वजनाच्या पिशव्या मोजून ठेवल्या, मोजून उचलल्या. पिन बसवली, ताणकाटा लावून ओढून बघितली, नऊ किलोंना सुटली. नऊलाच सुटायला हवी. पुन्हा बसवली आणि कार्डावर लिहिलं. गाडीचा मागचा भाग चेपून गेला, तेव्हा आता कोणीही काहीही म्हणावं. पण एक हात आहे ज्याला खरं ठाऊक आहे. तू हँडल ओढलंस तेव्हा हाताला काय लागलं? जड गेलं? अडकलं? तेवढं लिही. बाकीचं मी बघते.

तुझी आत्या

१२ मार्च

आत्या,

नमस्कार. उठून करता येत नाही, पडूनच केलाय, चालवून घे.

डावा हात गळ्यात बांधलाय, दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. शेजारच्या खाटेवरची आजी रोज विचारते, "कशावरून पडलीस गं?" मी सांगते, "गाडी उलटली." ती म्हणते, "सावकाश चालवावी." रोज हेच. मी रोज हो म्हणते.

तू विचारलंस त्याचं काय सांगू? सगळं इतकं झटकन झालं की नीट आठवत नाही. ओढलं, उघडलं नाही, सुकलेल्या तळ्यावर आखलेली वाट संपली. पुढे तळ्याचा तळ अजून ओला होता, तिथे नाक रुतलं. एवढंच.

आत्या, रागावू नकोस, पण सही करून टाक ना. साहेब इथे येऊन गेले. तुझ्यावर कारवाई होणार नाही म्हणाले, नुसती नोंद राहील. समितीने गाडीतच दोष आहे असं म्हटलं तर गाडी कायमची गोदामात जाईल. सहा वर्षांचं काम आहे, चाळीस माणसांचं. आणि तुझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय आणि तू तो विभागात लपवलायस, हे बाबांनी मला सांगितलंय. मी कोणाला बोलले नाही. चूक काय, कोणाच्याही हातून होते. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. खरंच नाही.

तुझी बुटकी

१६ मार्च

बुटके,

पत्र तीनदा वाचलं. उजव्या डोळ्याने.

हो, डावा धूसर आहे. आठ महिने झाले. लपवला, कारण सांगितलं असतं तर तुझं पॅराशूट दुसऱ्या कोणाकडे गेलं असतं आणि ते मला नको होतं. हा माझा गुन्हा. तो हवा तर लिहून देते. पण घडी मी बोटांनी घालते, डोळ्यांनी नाही. आमच्याकडे दिवे जायचे तेव्हा बाकीच्या बायका हात बांधून बसायच्या आणि माझी घडी पुढे सरकत असायची.

आता जे दादालाही सांगितलं नाही ते तुला सांगते. घरी बसवल्यापासून रोज दुपारी मी दोन चादरी जोडून तीच घडी घालतेय. चोवीस नाड्या शिवल्यात. एक जुना ताणकाटा मिळवलाय. माझी चूक शोधतेय. सोळा वेळा बांधलं, सोळाही वेळा पिन नऊ-साडेनऊला सुटली. तरी सतराव्यांदा बांधते. साहेबांसमोरून मान ताठ ठेवून उठले खरी, पण घरी आले की ही बोटं मलाच विचारतात, "आम्ही तर नाही ना गं?" त्याचं उत्तर जगात एकट्या तुझ्याकडे आहे. आणि तू मला लिहितेस, चूक काय कोणाच्याही हातून होते!

माझी चूक असेल तर तोंडावर सांग. "आत्या, हँडल जड लागलं, पिन अडकली," एवढं लिही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सही करते आणि पुन्हा पॅराशूटला बोट लावणार नाही. पण माझी कीव करून सही मागू नकोस. आणि चाळीस माणसांची गाडी माझ्या एकटीच्या अंगावर ढकलायची असेल, तर धक्का मारायला तरी चाळीसही जण या म्हणावं.

आत्या

९ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र तीन आठवडे उशीखाली होतं. रोज उत्तर लिहायला घ्यायचे आणि हवापाण्याचं लिहून फाडायचे.

हाताला काहीच लागलं नाही. रिकामा ड्रॉवर ओढावा तसं हँडल हातात आलं. नऊ किलो सोड, नऊ ग्रॅमसुद्धा नाही. माझी ओढ तुझ्या पिनपर्यंत पोचलीच नाही, आत्या. हँडलपासून पिनपर्यंत जी केबल जाते ती मधेच कुठेतरी निसटली होती. तुझी घडी जशीच्या तशी आत बसून होती.

सगळं सांगते. अपघाताच्या आधीच्या आठवड्यात मोठी टाकी बसवली, म्हणून केबल कोपऱ्यातून वळवून नेली. आमचा फिटर, ज्याला सगळे नटबोल्ट म्हणतात, तो म्हणाला, वळवल्यावर हँडल ओढून बघायला हवं. त्यासाठी मागचं झाकण उघडावं लागतं, अर्धा दिवस जातो. आणि दोन दिवसांत पाऊस येणार असं हवामानवाले सांगत होते. पाऊस आला की तळं भरतं, वर्ष गेलं. साहेब म्हणाले, "केबल तीच आहे, मागच्या महिन्यात ओढलीच होती की." फॉर्मवर एक रकाना असतो, "हँडल ओढून पाहिले, चालकाची सही." मी सही केली. न ओढता. कोणी माझा हात धरला नव्हता. मला जायचं होतं.

साहेब इस्पितळात आले ते हेच सांगायला. म्हणाले, "हे बाहेर पडलं तर माझं जे व्हायचं ते होईल, पण तू पुन्हा कुठल्याच गाडीत बसणार नाहीस." मी घाबरले. ताशी सहाशेला घाबरले नव्हते, त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला घाबरले. आणि तुझ्या डोळ्यामागे लपले.

मला वाटलं होतं तू सही करशील. माझ्यासाठी करत आलीच आहेस. सातवीत प्रगतिपुस्तकावर बाबांच्या नावाने सुद्धा केली होतीस.

आता काय करू ते सांग.

बुटकी

१३ एप्रिल

बुटके,

पत्र वाचल्यावर आधी चादरींच्या नाड्या उसवल्या. मग रडले. मग तुझ्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. मधे दोनशे किलोमीटर आहेत हे तुझं नशीब.

दादाला वाचून दाखवलं. त्याने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाला, "मी रोज गाडी काढायच्या आधी ब्रेक दाबून बघायचो. रोज." एवढंच बोलला आणि बाहेर जाऊन बसला.

काय करू म्हणून विचारतेस? मी सांगणार नाही. मी सही करणार नाही आणि समितीपुढे तुझं नावही घेणार नाही. हे तुझं पत्र दाखवलं तर मी तासाभरात सुटेन, ठाऊक आहे मला. नाही दाखवणार. मला असं सुटायचं नाही. प्रगतिपुस्तकावर सही केली ती माझी चूक. तू गणितात नापास होतीस आणि मी ते झाकलं. आता तुझं नापास तू स्वतःच्या तोंडाने वाचून दाखव, नाहीतर नको दाखवू.

समिती माझं २ मेला ऐकणार आहे, तुझं ३ तारखेला. माझ्याकडे एकच वाक्य आहे, "माझी चूक नाही." ते मी हजार वेळा म्हणेन. ते थकतील, मी नाही.

आणि तू जिवंत आहेस, यापुढे बाकी सगळं कवडीमोल आहे. पण हे आज लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आत्या

४ मे

आत्या,

काल झालं.

लांब टेबल, पलीकडे पाच जण, अलीकडे मी आणि कुबड्या. साहेब बाजूच्या खुर्चीत. अध्यक्ष फार मायेने बोलले. "तुम्हाला त्रास द्यायचा नाही. तुम्हीच यात भोगलंय. थोडक्यात सांगा."

मी म्हटलं, "थोडक्यातच सांगते. फॉर्मवर हँडल ओढून पाहिले अशी सही आहे. ती माझी आहे आणि ती खोटी आहे."

साहेब उठले. "तिला औषधं चालू आहेत. तिला कळत नाहीये काय बोलतेय ते."

"दुखणं थांबायची औषधं आहेत साहेब," मी म्हटलं. "आणि दुखणं थांबलेलं नाही."

मग सगळं सांगितलं. टाकी, केबल, पाऊस, रिकामं हँडल. साहेब इस्पितळात काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत. सांगताना त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. तेवढ्यात दाराशी कोणीतरी खाकरलं. बघते तर नटबोल्ट. त्याला कोणी बोलावलंच नव्हतं. म्हणाला, "केबल मी वळवली. ओढून बघू म्हणून बोललो, आणि मग गप्प बसलो. ते गप्प बसणंही लिहून घ्या."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "याचा परिणाम काय होईल, कल्पना आहे तुम्हाला?"

"पुन्हा गाडीत बसू देणार नाही, हेच ना? नका देऊ. पण दुसऱ्या कोणाच्या माथी मारून मिळालेल्या जागेवर मी बसणार नाही."

मला एक वर्ष बंदी. साहेबांना त्याच दिवशी कामावरून बाजूला केलं. निघताना तिथला कारकून हळूच म्हणाला, "काल ज्या बाई आल्या होत्या त्या तुमच्या कोण? तीन तास एकच वाक्य बोलल्या. चौदाव्या वेळेपासून मी नुसतं 'वरीलप्रमाणे' लिहिलं."

इमारतीबाहेर अकरा पायऱ्या आहेत. कुबड्या घेऊन उतरले. नटबोल्ट खाली उभा राहून बघत होता, पण हात द्यायला आला नाही. बरं केलं.

आत्या, माफी मागायला शब्द नाहीत असं लोक लिहितात. माझ्याकडे आहेत. मी तुला फसवलं. तुझी स्वतःच्या हातांवरची खात्री मी दोन महिने काढून घेतली. माफ कर, किंवा करू नकोस.

बुटकी

२० जून

बुटके,

तुझ्या पत्रानंतर पाचव्या दिवशी मला ऑफिसचं पत्र आलं. "आपली चूक माफ करण्यात येत असून आपणास पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे." मी मागे लिहिलं, "कुठली चूक?" आणि गेले नाही. तीन आठवड्यांनी दुसरं आलं. "आपल्यावरील आरोप मागे घेण्यात येत आहे." तेही परत पाठवलं. "मागे घेऊ नका, खोटा होता असं लिहा." विभागातल्या बायका घरी समजवायला आल्या. "कामावर घेतायत ना? शब्दाचं एवढं काय घेऊन बसलीस?" मी म्हटलं, "बायांनो, मला काढलं ते शब्दांनीच."

काल तिसरं आलं. "आपल्यावरील आरोप खोटा होता." एका ओळीसाठी सहा आठवडे. ते वाचलं, घडी घालून डब्यात ठेवलं आणि आज कामावर गेले.

मधल्या काळात डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. या वेळी आधी ऑफिसला कळवून. पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं, तर दादाच्या बनियनला पडलेली भोकं. त्याला म्हटलं, "इतके दिवस हे घालून माझ्यासमोर फिरत होतास?" तर म्हणतो, "तुला दिसत नव्हतं म्हणूनच."

माफीचं विचारलंस. अर्धी केली. उरलेली सवडीने करीन, घाई नाही. घाईने काय होतं ते दोघींनी बघितलंय.

आत्या

१० ऑगस्ट

आत्या,

मागच्या महिन्यात बाबांच्या आजारपणात आपण तिघं चार दिवस एका घरात होतो आणि गाडीचा विषय कोणीच काढला नाही. म्हणून आता लिहून काढते.

गेल्या वर्षी लागलेल्या माझ्या बंदीचं वर्ष या मेमध्ये संपलं. गाडी नव्याने बांधून झालीय. त्यांनी दुसरे दोन चालक बसवून बघितले. एकाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात, दुसऱ्याचं डोकं झाकणात मावत नाही. गाडी माझ्या मापावर बेतलेली, आता तिला दुसरं कोणी चालत नाही. काल नव्या प्रमुख बाईंनी मला बोलावलं.

मी हो म्हटलंय. पॅराशूट कोणी बांधायचं हे त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, ते मी सांगणार नाही, ज्यांना विचारायचं त्यांना विचारा. तू नाही म्हणालीस तरी मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी समजेन.

बुटकी

१४ ऑगस्ट

बुटके,

प्रमुख बाईंचं पत्र तुझ्या आधी आलं. मी त्यांना कळवलंय: लागतील ती चारही पॅराशूटं बांधीन, चारही माझ्या हातांनी. निवृत्तीचा दिवस पुढे ढकलायचा अर्जही सोबत जोडलाय.

दादा म्हणतो, "पुन्हा कशाला?" त्याला मी सांगितलं, एकदा पडली म्हणून घरात बसवायची तर चालायला शिकली तेव्हाच बसवायला हवी होती.

तुला एकच सांगते. तिथे कोणीही घाई करेल. घड्याळ घाई करेल, वारा घाई करेल. तू कोणाला बांधील नाहीस. मलासुद्धा नाहीस.

आत्या

२७ नोव्हेंबर

आत्या,

बातमी तुला रेडिओवर कळली असेल, पण त्यांनी मंगळवारचं काहीच सांगितलं नसणार. ते मी सांगते.

मंगळवारी सकाळी जाण्याची फेरी झाली. वेग जुन्या विक्रमाच्या वर. सगळे नाचत होते. नियम असा की तासाभरात उलट दिशेने परतीची फेरी व्हायला हवी, आणि दोन्हींची सरासरी धरतात. गाडी फिरवली, तुझं दुसरं पॅराशूट लावलं आणि मी म्हटलं, हँडल ओढून बघू. नटबोल्टने केबलच्या टोकाला ताणकाटा लावला. यायला हवे होते नऊ. आले चौदा. केबलच्या वळणात तळ्याची माती जाऊन बसली होती.

तासातली एकोणीस मिनिटं उरली होती. साफ करायला निदान चाळीस.

प्रमुख बाई धावत आल्या. "चौदा ओढता येतील ना तुला?"

"येतील."

"मग?"

"मग काही नाही. मी जात नाही."

"अगं, तास जाईल! पुन्हा असा वारा पडेल की नाही कोण सांगणार?"

"जाऊ दे तास."

"सगळे तुझ्याकडे बघतायत."

"बघू देत. मी काही लपत नाहीये."

हेल्मेट काढलं, मागच्या चाकाला टेकून खाली बसले. नटबोल्ट कोणाला न विचारता झाकणाचे स्क्रू काढायला लागला होता. मग वेळ मोजणाऱ्याने हातातला झेंडा खाली टाकला आणि म्हणाला, "तास संपला." चाळीस माणसांपैकी त्या दिवशी जेवताना माझ्याशेजारी एकटा नटबोल्ट बसला. मला भूक मात्र सपाटून लागली होती.

तीन दिवस वारा. चौथ्या दिवशी, म्हणजे काल, पहाटेपासून पान हलत नव्हतं. हँडल ओढलं: नऊ. गेले. तिकडे पोचल्यावर गाडी फिरवली, पुन्हा ओढलं: नऊ. एक्केचाळिसाव्या मिनिटाला परत निघाले.

वेग मोजायचा शेवटचा खांब मागे पडला आणि मी हँडल ओढलं. हाताला बरोबर तेवढंच वजन लागलं. मग एक क्षण काहीच नाही. आणि मग तुझ्या चोवीस दोऱ्यांनी मला मागून मानगूट धरून असं खेचलं की दात वाजले. मी आत एकटीच मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, पत्र बाबाही वाचतात.

सरासरी जुन्या विक्रमापेक्षा अकरा किलोमीटरने जास्त. प्रमुख बाई पहिल्यांदा गाडीकडे नाही, पॅराशूटकडे धावल्या. ते मातीत पसरलं होतं, अजून फुगत होतं, मिटत होतं.

दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठलेत, चांगले बोटभर रुंद, काळेनिळे. डॉक्टर मलम देऊन गेले. मी लावलेलं नाही. गुरुवारी घरी येतेय, तोवर राहू देत. तुला दाखवायचेत.

बुटकी